दारातच अडवायची धूळ

३१ डिसेंबर २०१० रोजी ट्रॉम्बेची सायरस अणुभट्टी कायमची थांबली. १० जुलै १९६० ला तिच्यात पहिली साखळी अभिक्रिया सुरू झाली होती. मधला मोठ्या दुरुस्तीचा काळ धरला तर तिनं पन्नास वर्षं काढली. भट्टी कॅनडानं दिलेली, जड पाणी अमेरिकेचं, शक्ती ४० मेगावॅट. वीज तिनं कधीच बनवली नाही. पण रुग्णालयांना लागणारे समस्थानिक, संशोधकांना लागणारे न्यूट्रॉन आणि १९७४ च्या पोखरण चाचणीचं प्लुटोनियम तिच्यातून आलं. भारत-अमेरिका अणुकरारात लष्करी आणि नागरी अणुप्रकल्पांची जी वाटणी ठरली, त्यानुसार ती बंद करण्यात आली. शेजारची अप्सरा, आशियातल्या पहिल्या अणुभट्ट्यांपैकी एक, १९५६ पासून चालत होती. तीही २००९ मध्ये थांबली आणि तिची जागा घेणारी नवी अप्सरा २०१८ मध्ये ट्रॉम्बेतच सुरू झाली. त्याआधी १९८३ मध्ये झर्लिना नावाची छोटी प्रयोगभट्टी मोडीत काढलेली होती. अणुभट्टी उभारण्याच्या कथा आपण पुष्कळ वाचल्या आहेत. ती मोडायची कशी, हे मात्र मराठीत फारसं कुणी सांगितलेलं नाही.

साखळी अभिक्रिया काही सेकंदांत थांबते. इंधन मात्र कित्येक महिने गरम राहतं, म्हणून ते पाण्याच्या कुंडात निववावं लागतं. ते बाहेर नेलं की प्रकल्पातल्या किरणोत्सारी साठ्यापैकी सुमारे ९९ टक्के भाग त्याच्याबरोबर जातो. पुढची कित्येक वर्षं चालतं ते उरलेल्या एका टक्क्याचं काम, आणि ते भट्टी चालवण्यापेक्षा सोपं नसतं. भट्टी चालू असते तेव्हा किरणोत्सारी पदार्थ बंद नळ्यांत आणि बंद पात्रांत असतात. मोडताना त्याच नळ्या माणसाला स्वतः कापायच्या असतात.

या एका टक्क्याचेही दोन भाग आहेत. वर्षानुवर्षं न्यूट्रॉनचा मारा झेललेलं पोलाद आणि काँक्रीट स्वतःच किरणोत्सारी बनतं. पोलादातल्या किंचितशा कोबाल्टचा कोबाल्ट-६० होतो, निकेलचा निकेल-६३. हा किरणोत्सार धातूत मुरलेला असतो. तो धुऊन निघत नाही, पण आपण होऊन कुठं जातही नाही. दुसरा भाग पृष्ठभागावरचा. इंधनाच्या नळीला बारीक छिद्र पडलं की सीझियम-१३७, स्ट्रॉन्शियम-९० असे विखंडनातून तयार झालेले पदार्थ थंडाव्याच्या पाण्यात उतरतात, पाण्याबरोबर फिरतात आणि नळ्यांच्या आतल्या गंजाच्या थरात बसतात. एखादा व्हॉल्व्ह गळतो, थेंब फरशीवर पडतात, फरशीच्या भेगेत शिरतात, भेगेतून खालच्या मातीत जातात. हे किरणोत्सारी दूषण. अणुप्रकल्पात काम करणारा साधा हेल्परही त्याला ‘कंटॅमिनेशन’ म्हणतो आणि त्याला वचकून असतो.

किरण आणि दूषण यांतला फरक नीट समजून घेतला पाहिजे, कारण पुढची सगळी व्यवस्था त्यावरच उभी आहे. गॅमा किरण जाड काँक्रीटनं, शिशानं, पाण्यानं अडतात. स्रोतापासून दूर गेलात की मारा कमी होतो. खोलीबाहेर पडून दार लावलंत की संपतो. दूषण म्हणजे प्रत्यक्ष पदार्थ, बहुतेक वेळा डोळ्यांना न दिसणारी धूळ. ती बुटाच्या तळाला लागते, नखांत अडकते, केसांवर बसते, हातावरून जेवणाच्या डब्यात जाते आणि खोली सोडून गेलेल्या माणसाबरोबर घरीही जाऊ शकते. प्लुटोनियमचे अल्फा किरण साध्या कागदानं अडतात. कातडीवरचा मृत थरही त्यांना पुरेसा आहे. पण तोच कण श्वासाबरोबर फुप्फुसात जाऊन बसला, तर शेजारच्या जिवंत पेशींवर त्याचा मारा वर्षानुवर्षं चालू राहतो. म्हणून अशा जागी काम करणाऱ्याचा पहिला प्रश्न असतो, ‘यातलं काही उडेल का? काही लागेल का?’ किरण किती आहेत, हा प्रश्न त्यानंतरचा.

ही धूळ अडवायची कुठं, हे झाशीच्या कथेवरून पटतं. झाशीच्या जुन्या तटाला दहा दरवाजे होते. १८५८ च्या वेढ्यात इंग्रजी तोफांपुढे तट उभा राहिला, पण ओरछा दरवाजा फितुरीनं उघडला गेला, असं तिथल्या लोकपरंपरेत सांगतात.  या कथेवर इतिहासकारांचं एकमत नाही. पण तटाची खरी परीक्षा दरवाजावर होते, हे त्यातलं सांगणं अणुप्रकल्पाला तंतोतंत लागू पडतं. दीड मीटर जाडीच्या भिंतीतून दूषण बाहेर येत नाही; ते दारातून येतं, आणि बहुतेक वेळा एखाद्या निष्काळजी माणसाच्या पायांवरून.

त्यामुळे मोडणीच्या कामात पहिली उभारणी दारांची होते. इमारतीचे विभाग पाडले जातात. प्रकल्पानुसार त्यांना आकडे असतात किंवा पांढरा, हिरवा, अंबर, लाल असे रंग. स्वच्छ भागातून दूषित भागात जाताना प्रत्येक सीमेवर एक आडवं बाक किंवा पायरी असते. अलीकडे उभं राहून एक बूट काढायचा, पाय उचलून पलीकडे ठेवताना त्यावर आवरण चढवायचं, मग दुसरा पाय. परतताना हेच उलट्या क्रमानं. बाहेरचे हातमोजे आधी, मग अंगरखा आतून बाहेर उलटवत, म्हणजे दूषित बाजू आत गुंडाळली जाते. मुखवटा शेवटी, कारण कपडे काढताना धूळ सगळ्यांत जास्त उडते. त्यानंतर हातपाय तपासणाऱ्या यंत्रावर उभं राहायचं. यंत्र वाजलं तर धुवायचं, पुन्हा उभं राहायचं. कंटाळवाणं काम आहे. दिवसातून अनेकदा करावं लागतं आणि त्यात एकदा जरी चुकलं तरी चुकलंच.

हवेलाही असंच वळण लावलेलं असतं. पंख्यांची रचना अशी की सगळ्यांत दूषित खोलीत दाब सगळ्यांत कमी. दार उघडलं की हवा स्वच्छ बाजूकडून दूषित बाजूकडे जाते, उलट कधीच नाही. शेवटी ती अत्यंत बारीक गाळण्यांतून चिमणीकडे जाते, ०.३ मायक्रॉन आकाराचे ९९.९७ टक्के कण या गाळण्या अडवतात. पाइप कापायचा असेल तर त्याच्याभोवती प्लास्टिकचा तंबू उभारून त्याला स्वतंत्र पंखा आणि गाळणी जोडतात. आतून धूळ सैल होऊ नये म्हणून कापण्याआधी पृष्ठभागावर चिकट लेप देतात. काही लेप वाळल्यावर सालीसारखे सोलून निघतात आणि धूळ स्वतःबरोबर घेऊन येतात. भट्टीच्या पोटातले सगळ्यांत तीव्र भाग पाण्याखालीच कापतात. पाणी किरणांना आडोसा देतं आणि कापताना उडालेले कण धरूनही ठेवतं.

पाण्याचा मोह मात्र आवरावा लागतो. सामान्य माणसाला घाण दिसली की तो बादलीभर पाणी ओततो. इथं ओतलेलं प्रत्येक लिटर पाणी स्वतः किरणोत्सारी कचरा बनतं. ते गोळा करायचं, गाळायचं, आटवायचं, उरलेला गाळ सिमेंटमध्ये घट्ट करून पिंपात भरायचा आणि पिंप काँक्रीटच्या खंदकात ठेवायचं. दूषण नष्ट होत नाही, जागा बदलतं. ते कमी आकारमानात, घट्ट रूपात आणि नोंद असलेल्या जागी नेलं, तरच ते काम झालं म्हणायचं. म्हणून अनुभवी माणसं जमेल तिथं कोरड्या पद्धती वापरतात: व्हॅक्यूम, पोलादी गोळ्यांचा मारा, काँक्रीटचा वरचा काही मिलिमीटरचा थर खरवडून काढणं.

कुठलीही जागा स्वच्छ आहे हे डोळ्यांवरून ठरत नाही. गाळणकागदाची चकती घेऊन १०० चौरस सेंटिमीटर जागा पुसायची आणि ती चकती मोजणी यंत्राखाली धरायची. याला तिथं ‘स्वाइप’ म्हणतात. पुसून आलं ते सैल दूषण. पुसूनही मीटरवर आकडा राहिला तर ते घट्ट बसलेलं. सैल दूषणाचा धोका जास्त, कारण ते हवेत उडू शकतं. किरणोत्सारी मालाच्या वाहतुकीचे आंतरराष्ट्रीय नियम पेटीच्या बाहेरच्या बाजूवर दर चौरस सेंटिमीटरला बीटा-गॅमाचे ४ बेकरेल चालवून घेतात, घातक अल्फाचे फक्त ०.४. बेकरेल म्हणजे सेकंदाला एक अणू फुटणं. यावरून मोजमाप किती सूक्ष्म आहे, ते ध्यानात यावं. कामगाराच्या छातीवर मात्रा मोजणारा बिल्ला असतो. भारतात त्याच्यासाठी पाच वर्षांची सरासरी वर्षाला २० मिलिसीव्हर्ट आणि कुठल्याही एका वर्षात ३० ही मर्यादा आहे. सामान्य नागरिकासाठी ती १ आहे.

जड पाण्याच्या भट्ट्यांत आणखी एक पाहुणा असतो, ट्रिटियम. हा हायड्रोजनचाच किरणोत्सारी भाऊ असल्यानं पाण्याच्या वाफेत मिसळून जातो. गाळणीचा मुखवटा त्याला अडवत नाही आणि तो कातडीतूनही शरीरात शिरतो. त्याच्यासाठी बाहेरून हवा पुरवलेला प्लास्टिकचा पूर्ण पोशाख लागतो आणि कामानंतर लघवीचा नमुना तपासावा लागतो. राजस्थानात रावतभाट्याच्या दुसऱ्या भट्टीत १९९० च्या दशकात गाभ्यातल्या सगळ्या, म्हणजे ३०६, शीतक नळ्या बदलण्यात आल्या. ती भट्टी मोडीत निघाली नव्हती, पुन्हा चालू झाली. पण तिच्या पोटात हात घालून किरणोत्सारी नळ्या कापायच्या, बाहेर आणायच्या आणि दूषण पसरू द्यायचं नाही, हे मोडणीचंच काम आपल्या अभियंत्यांनी तिथं केलं. नंतर कल्पाक्कम आणि नरोऱ्यातही ते झालं. भारताला हे जमत नाही, असं म्हणणाऱ्यांनी ही कामं आधी पाहावीत.

ट्रॉम्बेत याहून जुना धडा आहे. होमी सेठना यांच्या नेतृत्वाखाली तिथं प्लुटोनियम वेगळं करणारा कारखाना उभा राहिला आणि २२ जानेवारी १९६५ ला पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. जळलेलं इंधन नायट्रिक आम्लात विरघळवून त्यातून प्लुटोनियम काढायचं, हे तिथलं काम. आम्लानं नळ्या आणि पात्रं झिजली, आणि सत्तरच्या दशकात दुरुस्ती व विस्तारासाठी कारखाना बंद करावा लागला. जाड काँक्रीटच्या ज्या कोठड्यांत माणसानं कधी पाऊल ठेवायचं नाही असं गृहीत धरलं होतं, त्या रसायनांनी धुऊन, आत माणूस जाऊ शकेल इतक्या निवळवून, जुनी सामग्री काढून नवी बसवावी लागली. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला कारखाना पुन्हा चालू झाला. प्लुटोनियम हाताळलेली जागा मोडण्याचा जगातल्या सुरुवातीच्या अनुभवांपैकी हा एक आहे. आपल्याकडे त्याबद्दल फार थोडं बोललं गेलं, याचं मला वाईट वाटतं.

मग घाई कशाला, थांबूया की, असं कुणी म्हणेल. थांबण्याला आधार आहेच. कोबाल्ट-६० चं अर्धायुष्य सव्वापाच वर्षांचं. पन्नास वर्षांत त्याचा जेमतेम सातशेवा भाग उरतो. काही देश भट्टी बंद करून, कुलूप लावून, पन्नास-साठ वर्षांनी मोडायची असं ठरवतात. पण सगळेच पदार्थ इतके शहाणे नसतात. सीझियम-१३७ ला अर्धं व्हायला ३० वर्षं लागतात, निकेल-६३ ला सुमारे १००, प्लुटोनियम-२३९ ला २४ हजार. प्लुटोनियमच्या कारखान्यात तर थांबणं उलट अंगावर येतं. तिथल्या प्लुटोनियम-२४१ चं हळूहळू अमेरिसियम-२४१ बनतं, आणि ते गॅमा किरणही सोडतं. म्हणजे काही दशकं थांबलात तर बाहेरून जाणवणारा मारा वाढलेला असतो. शिवाय कुठला पाइप कुठं गेला, १९७० साली कुठल्या खोलीत गळती झाली होती, हे ज्यांना ठाऊक आहे ती माणसं तोवर निवृत्त होतात, मग जातात. नकाशात नसलेला पाइप हा या कामातला सगळ्यांत मोठा शत्रू आहे. माझं मत स्पष्ट आहे: तीव्र भाग काही वर्षं निवू द्यावा, पण जिथं सैल दूषण आहे तिथं लगेच हात घालावा, आणि जुन्या कामगारांच्या तोंडून प्रत्येक गळतीची नोंद ते हयात असतानाच करून घ्यावी.

बेफिकिरीची किंमत प्रकल्पाच्या आवारात दिसत नाही, ती भंगारात दिसते. मोडलेल्या भट्टीतलं बहुतेक पोलाद आणि काँक्रीट स्वच्छ असतं आणि ते बाजारात जाणं योग्यही आहे. आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनानुसार कोबाल्ट-६० किंवा सीझियम-१३७ दर ग्रॅमला ०.१ बेकरेलच्या खाली असेल, तर माल मोकळा करता येतो. प्रश्न उरतो तो तपासणी टाळलेल्या एखाद्या तुकड्याचा. २००८ मध्ये फ्रान्समध्ये लिफ्टच्या बटणांत कोबाल्ट-६० सापडला. ते पोलाद महाराष्ट्रात भंगारापासून ओतलेलं होतं. बटणं बनवणाऱ्या फ्रान्समधल्या कारखान्यातल्या वीसेक कामगारांना जास्तीची मात्रा मिळाली. २०१० च्या एप्रिलमध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगारबाजारात एक यंत्र फोडलं गेलं. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागानं १९६८ मध्ये घेतलेलं, पुढे वर्षानुवर्षं न वापरलेलं आणि त्या वर्षी लिलावात विकलेलं ते गॅमा यंत्र होतं. शिशाच्या कवचाच्या आत कोबाल्टच्या कांड्या होत्या. ४२ वर्षांत, म्हणजे आठ अर्धायुष्यांत, त्यांची तीव्रता मूळच्या अडीचशेव्या भागावर आली होती. तरीही एक कामगार दगावला आणि इतर अनेकांना रुग्णालयात ठेवावं लागलं. ब्राझीलमध्ये गोयानियाला १९८७ मध्ये असंच झालं. सोडून दिलेल्या दवाखान्यातलं सीझियमचं यंत्र भंगारवाल्यांनी फोडलं, चमकणारी निळी पूड घरोघर गेली. चार माणसं मेली, २४९ जणांच्या अंगावर किंवा अंगात दूषण आढळलं, आणि लाखाहून अधिक लोकांची तपासणी करावी लागली. या घटना अणुभट्ट्यांच्या नाहीत. पण नोंद तुटली आणि दारावर कुणी मोजलं नाही, की काय होतं ते त्या सांगतात. मुंब्र्याच्या, तळोज्याच्या भंगारवाड्यात काम करणाऱ्या पोरांपर्यंत हे ज्ञान पोचायला हवं: पिवळ्यावर तीन काळ्या पाकळ्यांची खूण दिसली, किंवा आकाराच्या मानानं फारच जड शिशाचं पिंप आलं, तर ते फोडायचं नाही, दूर व्हायचं आणि पोलिसांना कळवायचं.

आता तारापूर. पालघर जिल्ह्यातल्या या किनाऱ्यावर २८ ऑक्टोबर १९६९ पासून देशातल्या पहिल्या दोन वीजभट्ट्या चालल्या. मुळात २१० मेगावॅटच्या, पुढे १६० वर आणलेल्या. जगातल्या सगळ्यांत जुन्या वीजभट्ट्यांत त्यांची गणना होते, आणि २०२० मध्ये त्या मोठ्या दुरुस्तीसाठी थांबवण्यात आल्या. त्या आणखी किती वर्षं चालतील हे अभियंते ठरवतील, पण एक दिवस त्या मोडाव्या लागतील हे निश्चित. आणि त्या उकळत्या पाण्याच्या प्रकारच्या आहेत. गाभ्यात उकळलेल्या पाण्याची वाफ थेट टर्बाइनवर जाते, त्यामुळे दूषण भट्टीच्या इमारतीपुरतं राहत नाही. टर्बाइन, कंडेन्सर आणि त्यांना जोडलेले पाइप सगळे हिशोबात घ्यावे लागतात. झर्लिना किंवा अप्सरा मोडण्यापेक्षा हे काम कितीतरी पट मोठं आहे.

त्यासाठी पैसा कुठून येतो? अणुविजेच्या दरात मोडणीसाठी युनिटमागे २ पैसे धरलेले असतात. १६० मेगावॅटची भट्टी वर्षातला ८० टक्के वेळ चालली तर सुमारे ११२ कोटी युनिट होतात आणि वर्षाला सव्वादोन कोटी रुपये जमतात. अमेरिकेत एका मोठ्या भट्टीच्या मोडणीला ५० कोटी डॉलर आणि त्याहूनही अधिक खर्च झाल्याची उदाहरणं आहेत. आपल्याकडे मजुरी कमी आणि भट्टी लहान हे धरूनही अंतर मोठं आहे. नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०१२ च्या अहवालात यावर नेमकं बोट ठेवलं. अणुऊर्जा नियामक मंडळानं मोडणीची सुरक्षा-पुस्तिका १९९८ मध्येच काढली होती. तेरा वर्षं उलटली तरी देशातल्या एकाही अणुवीज केंद्राकडे मोडणीचा आराखडा नव्हता. तीस वर्षं चाललेल्या भट्ट्यांकडे नव्हता, आणि बंद पडलेल्यांकडेही नव्हता. रावतभाट्याची पहिली भट्टी तर २००४ पासून थांबलेली आहे.

तारापूरच्या जुन्या भट्ट्यांचा मोडणीचा आराखडा, त्याचा खर्च, कचरा ठेवण्याची जागा आणि आजवरच्या प्रत्येक गळतीची नोंद, हे सगळं त्या कायमच्या बंद होण्याआधी मराठीतून छापून बोईसर, तारापूर आणि घिवली-अक्करपट्टीच्या लोकांपुढे ठेवलं पाहिजे. त्या आवारात अंगरखा चढवून उतरणारे हात याच गावांतले असणार आहेत. त्या गावांच्या ग्रामसभांनी ही मागणी आजच ठरावानं करावी.